दहा मिनिटं तेच तेच! आयर्न मेडनचं हे ‘कंटाळवाणं’ गाणं काहींना नंतर आवडायला का लागतं?

एखादं गाणं पहिल्यांदा ऐकलं, अर्ध्यातच बंद केलं आणि काही महिन्यांनी तेच गाणं आपण स्वतःहून शोधून लावतोय, असं तुमच्या बाबतीत कधी झालंय का?

बहुतेकांच्या बाबतीत कधी ना कधी झालेलं असतं. पण काही गाणी अशी असतात की त्यांच्यावरून चाहत्यांमध्ये वर्षानुवर्षं भांडणं चालतात. एक गट म्हणतो, “हे गाणं बँडने केलंच कसं?” आणि दुसरा गट म्हणतो, “आम्हालाही आधी असंच वाटायचं, पण आता आवडतं!”

हेवी मेटलच्या दुनियेत अशा गाण्यांची यादी काढली, तर आयर्न मेडन या इंग्लिश बँडचं ‘द एंजल अँड द गॅम्बलर’ बरंच वर असेल. जवळपास दहा मिनिटांचं हे गाणं एकच प्रश्न इतक्या वेळा विचारतं की मोजायला बसलात, तर हातापायांची बोटं मिळूनही अपुरी पडतील.

मंडळी, हे गाणं नेमकं काय आहे, लोक त्यावर इतके का चिडतात आणि तरीही काही जणांच्या मनात ते हळूहळू घर कसं करतं, हे आज समजून घेऊया.

आधी थोडी पार्श्वभूमी

आयर्न मेडनची स्थापना १९७५ मध्ये लंडनमध्ये झाली. बास गिटार वाजवणारा स्टीव्ह हॅरिस हा बँडचा संस्थापक आणि मुख्य गीतकार. ऐंशीच्या दशकात गायक ब्रूस डिकिन्सनच्या चढ्या, खणखणीत आवाजामुळे हा बँड जगभर पोहोचला.

१९९३ मध्ये ब्रूसने बँड सोडला. त्याच्या जागी १९९४ मध्ये वुल्फ्सबेन या बँडचा गायक ब्लेझ बेली आला. ब्लेझचा आवाज वेगळाच होता. ब्रूस वरच्या पट्टीत लीलया फिरायचा, तर ब्लेझ खालच्या पट्टीत जास्त खुलायचा. जुन्या चाहत्यांना हा बदल पचायला जड गेला.

ब्लेझबरोबर बँडने दोन अल्बम केले. १९९५ मध्ये ‘द एक्स फॅक्टर’ आणि मार्च १९९८ मध्ये ‘व्हर्च्युअल इलेव्हन’. दुसऱ्या नावात दोन गोष्टी होत्या. हा बँडचा अकरावा स्टुडिओ अल्बम होता आणि त्याच वर्षी फ्रान्समध्ये फुटबॉलचा विश्वचषक होता. हॅरिस फुटबॉलवेडा असल्यामुळे ‘इलेव्हन’ म्हणजे अकरा जणांचा संघही!

काळ मात्र बँडसाठी कठीण होता. १९९२ चा ‘फिअर ऑफ द डार्क’ ब्रिटनच्या यादीत पहिल्या क्रमांकावर होता. ‘द एक्स फॅक्टर’ आठव्या आणि ‘व्हर्च्युअल इलेव्हन’ सोळाव्या क्रमांकापर्यंतच पोहोचला.

आणि या उतरणीच्या काळात, नव्या अल्बमची ओळख करून देणारं पहिलं गाणं म्हणून बँडने पुढे केलं ‘द एंजल अँड द गॅम्बलर’.

गाण्यात आहे तरी काय?

नावातच गोष्ट आहे. एक जुगारी आहे, धोका पत्करण्यात त्याला मजा येते. त्याला सावरू पाहणारी एक देवदूत आहे. गाण्याचं ध्रुवपद म्हणजे या वाचवण्याबद्दलचा एक साधा प्रश्न, जो पुन्हा पुन्हा येत राहतो.

चाल मेडनच्या नेहमीच्या दौडत्या गाण्यांसारखी नाही. वेग मध्यम आहे आणि बाज सत्तरच्या दशकातल्या हार्ड रॉकचा आहे. सोबत कीबोर्डचा ठळक सूर आहे, जो ऐकून अनेक मेटलप्रेमींच्या भुवया उंचावल्या.

सुरुवातीची काही मिनिटं गाणं नेहमीसारखं पुढे जातं. त्यानंतर मात्र ते ध्रुवपदाशी जणू मुक्काम ठोकतं. तोच प्रश्न, तीच चाल, पुन्हा, आणि पुन्हा. व्हिडिओसाठी गाण्याची छोटी आवृत्ती करण्यात आली, पण अल्बमवर मात्र पूर्ण लांबीचं गाणं आहे.

लोक इतके का चिडले?

याची काही कारणं अगदी स्पष्ट आहेत.

पहिलं कारण म्हणजे गाण्याची जागा. अल्बमची सुरुवात होते ‘फ्युचरियल’ या गाण्याने. ते तीन मिनिटांच्या आत संपतं आणि तुफान वेगवान आहे. त्याच्या पाठोपाठ हे दहा मिनिटांचं, आरामात चालणारं गाणं येतं. एक्स्प्रेस गाडीतून उतरून पॅसेंजरमध्ये बसल्यासारखं वाटतं!

दुसरं कारण म्हणजे अपेक्षा. मेडनच्या लांब गाण्यांची एक ख्याती आहे. १९८४ चं ‘राइम ऑफ द एन्शंट मरिनर’ तेरा मिनिटांहून मोठं आहे, पण त्यात गोष्ट पुढे सरकते, मध्ये शांतता येते, वादळ येतं, शेवट होतो. मेडनचं गाणं दहा मिनिटांचं आहे म्हटलं की चाहत्याला प्रवास हवा असतो. इथे प्रवास कमी आणि एकाच चौकात फेऱ्या जास्त.

तिसरं कारण म्हणजे ब्लेझ. ज्यांना नवा गायक मुळातच नको होता, त्यांना हे गाणं आयतं हत्यार मिळालं. “बघा, ब्रूस गेल्यावर बँडचं काय झालं!” असं म्हणताना लोक हेच गाणं पुढे करू लागले.

पण इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. हे गाणं ब्लेझने लिहिलेलंच नाही! ते एकट्या स्टीव्ह हॅरिसचं आहे. अल्बमची निर्मितीही हॅरिसने नायजेल ग्रीनसोबत मिळून केली होती. म्हणजे ध्रुवपद किती वेळा गायचं हा गाण्याच्या रचनेचा भाग होता आणि रचना हॅरिसची होती. शिव्या मात्र मोठ्या प्रमाणात गायकाच्या वाट्याला आल्या. १९९९ च्या सुरुवातीला ब्लेझ बँडमधून बाहेर पडला आणि ब्रूस डिकिन्सन गिटारवादक एड्रियन स्मिथसह परत आला.

दोष लांबीचा की पुनरावृत्तीचा?

आता गंमत बघा. याच अल्बमवर ‘द क्लॅन्समन’ नावाचं गाणं आहे. तेही सुमारे नऊ मिनिटांचं आहे. त्यातही एकच शब्द ध्रुवपदात परत परत येतो. गायकही तोच, लेखकही तोच. तरीही ते चाहत्यांचं लाडकं आहे!

इतकं की ब्रूस परतल्यावरही बँड ते मंचावर वाजवत राहिला. २००२ च्या ‘रॉक इन रिओ’ या लाइव्ह अल्बमवर ते आहे आणि २०१८ मध्ये सुरू झालेल्या ‘लेगसी ऑफ द बीस्ट’ दौऱ्यातही ते पुन्हा वाजलं. ‘द एंजल अँड द गॅम्बलर’च्या नशिबी मात्र ते भाग्य आलं नाही.

मग फरक कुठे आहे? ‘द क्लॅन्समन’ हळुवार सुरू होतं, तापत जातं, मग स्फोट होतो. तो शब्द परत येतो तेव्हा आजूबाजूचं वातावरण बदललेलं असतं.

आपल्याकडच्या ख्यालगायनाचं उदाहरण घ्या. बंदिशीचा मुखडा कितीतरी वेळा समेवर येतो, पण कोणी म्हणत नाही की “तेच तेच काय गाताय?” कारण मधला विस्तार दर वेळी वेगळा असतो. परत येणारा मुखडा म्हणजे घरी येण्याचा आनंद. पण बाहेर फिरून आल्याशिवाय घरी येण्यात मजा कसली?

‘द एंजल अँड द गॅम्बलर’ची अडचण नेमकी हीच आहे. तिथे पहिल्या ऐकण्यात असं वाटतं की आपण घराबाहेर पडलोच नाही.

मग ते नंतर आवडायला का लागतं?

याचं सर्वात सोपं उत्तर म्हणजे सवय. १९६८ मध्ये मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायन्स यांनी एक गाजलेला शोधनिबंध लिहिला. त्यांच्या प्रयोगांत लोकांना अर्थहीन शब्द, अनोळखी चिनी धर्तीची अक्षरं आणि चेहऱ्यांचे फोटो कमी-जास्त वेळा दाखवले गेले. जे जास्त वेळा दिसलं, ते लोकांना जास्त चांगलं वाटलं. त्यामागे दुसरं काही कारण नव्हतं, फक्त ओळख!

रेडिओवर सतत वाजणारं गाणं महिन्याभराने आपण गुणगुणायला लागतो, त्यामागे हेच असतं. जाहिरातींच्या जिंगल्सही यावरच चालतात.

पण या उत्तरात एक मेख आहे. जी गोष्ट सुरुवातीलाच मनापासून नावडते, ती वारंवार समोर आली तर नावड कमी होण्याऐवजी वाढूही शकते, असं नंतरच्या संशोधनात दिसलं. शेजारच्या घरात रोज वाजणारं नावडतं गाणं आठवा. दहाव्या दिवशी ते आवडायला लागतं का? उलट डोकं जास्त फिरतं!

शिवाय सत्तरच्या दशकात डॅनियल बर्लाइन या मानसशास्त्रज्ञाने मांडलेली एक कल्पना आहे. त्याच्या मते आवड ही टेकडीसारखी असते. अगदी अनोळखी आणि गुंतागुंतीची गोष्ट आवडत नाही, ओळख वाढली की आवडते, आणि अति झालं की पुन्हा कंटाळा येतो. साधी गोष्ट या टेकडीवरून लवकर उतरते. या हिशोबाने आपलं दहा मिनिटांचं गाणं एकाच ऐकण्यात टेकडी चढून उतरूनही जायला हवं.

म्हणजे फक्त सवयीने उत्तर पूर्ण होत नाही. मग काय होतं?

पुनरावृत्ती आपल्या कानाला काय करते?

एक सोपा प्रयोग करा. ‘दरवाजा’ हा शब्द मोठ्याने तीस वेळा म्हणा. थोड्या वेळाने त्याचा अर्थ विरघळल्यासारखा वाटेल आणि फक्त आवाज उरेल. लिऑन जेम्स यांनी १९६२ मध्ये कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात पीएचडीच्या प्रबंधात याच अनुभवाचा अभ्यास केला होता.

याहून मजेशीर शोध डायना डॉइच यांचा. १९९५ मध्ये त्या स्वतःच्याच आवाजातलं ध्वनिमुद्रण तपासत होत्या. बोलण्यातला एक छोटा तुकडा सतत परत वाजत राहिला आणि काही वेळाने त्यांना वाटलं, कोणीतरी गातंय! बोलणं तेच होतं, त्यात काहीही बदललं नव्हतं. बदललं होतं ते कानाचं लक्ष. शब्दांचा अर्थ एकदा कळून झाला की कान सूर आणि लय शोधायला मोकळा होतो.

संगीत संशोधक एलिझाबेथ मार्ग्युलिस यांनी आणखी एक प्रयोग केला. ज्यात मुद्दाम पुनरावृत्ती टाळलेली असते अशा आधुनिक रचना त्यांनी घेतल्या आणि संगणकावर त्यांतले तुकडे कापून पुन्हा जोडले. श्रोत्यांना हे ‘बिघडवलेले’ रूप जास्त आनंददायक आणि जास्त रंजक वाटलं. मूळ रचना लुचानो बेरिओ आणि इलियट कार्टर यांच्यासारख्या नामांकित संगीतकारांच्या होत्या, हे विशेष!

या सगळ्याचा अर्थ काय? एखादी ओळ वारंवार आली की ती हळूहळू पार्श्वभूमीत जाते. मग ऐकणाऱ्यापुढे दोन रस्ते असतात. एक म्हणजे “आता काही नवीन नाही” म्हणून बंद करणं. दुसरा म्हणजे त्या ओळीच्या आजूबाजूला काय चाललंय तिकडे लक्ष देणं. ज्यांना असं गाणं नंतर आवडतं, ते बहुतेकदा या दुसऱ्या रस्त्याने गेलेले असतात.

फ्रेंच संगीतकार मॉरिस रावेल याची १९२८ ची ‘बोलेरो’ ही रचना याचं उत्तम उदाहरण आहे. सुमारे पंधरा मिनिटं ड्रमचा एकच ठेका आणि आलटून पालटून येणारी तीच चाल. बदलतात ती फक्त वाद्यं आणि आवाजाची पातळी. चालीकडे लक्ष दिलं तर कंटाळा येईल, वाद्यांकडे दिलं तर अंगावर काटा येईल.

मेटलमध्येही पुनरावृत्ती हाच आत्मा असलेला एक पंथ आहे. स्लीप या अमेरिकन बँडची ‘डोपस्मोकर’ ही रचना तासाभराहून मोठी आहे आणि एका जड, संथ रिफभोवती फिरत राहते. नव्वदच्या दशकात रेकॉर्ड कंपनीने ती प्रसिद्ध करायला नकार दिला. आज ती आपल्या प्रकारातली मानाची कलाकृती मानली जाते.

या गाण्यात दुसऱ्या-तिसऱ्या वेळी काय सापडतं?

सगळ्यात आधी जाणवतो तो बास. हॅरिस प्लेक्ट्रम न वापरता बोटांनी वाजवतो आणि मेडनच्या ध्वनिमुद्रणात बास गिटार मागे लपत नाही. ध्रुवपद सोडून फक्त त्याच्या मागे गेलात, तर गाणं वेगळंच वाटतं.

दुसरा निको मॅकब्रेनचा ड्रम. मेटलमधले बरेच ड्रमर दोन्ही पायांनी बेस ड्रम बडवतात. निको मात्र कारकिर्दीत जवळजवळ सगळीकडे एकाच पायाने वाजवत आला. त्यामुळे या मध्यम वेगाच्या गाण्यात एक झुलता ठेका आहे.

तिसरी गोष्ट अर्थाची. जुगारी माणसाला सावरायचा प्रयत्न ज्यांनी केलाय, त्यांना विचारा. एकदा सांगून तो ऐकतो का? तेच बोलणं दहा वेळा, वीस वेळा होतं. समोरचा मात्र पुढचा डाव लावतच असतो. डाव लावणंही तेच तेच, आणि विनवणंही तेच तेच! हॅरिसच्या मनात हे होतं की नाही हा वेगळा प्रश्न, पण असं ऐकलं तर कंटाळवाणं ध्रुवपद थोडं केविलवाणं वाटायला लागतं.

चौथी गोष्ट म्हणजे गर्दी. मेडनची गाणी मोठ्या मैदानांसाठी असतात. घरात हेडफोन लावून जे जास्त वाटतं, ते हजारो लोक एकत्र गाताना जास्त वाटत नाही. वारीतला गजर आठवा. तो ‘ऐकायला’ बसलं तर एकसुरी वाटेल, पण टाळ हातात घेऊन चालणाऱ्याला थांबावंसं वाटत नाही.

मुंबईकरांना मेडनच्या गर्दीचा अनुभव आहेच! १ फेब्रुवारी २००८ रोजी बँडने आपला जागतिक दौरा वांद्रे-कुर्ला संकुलातल्या मैदानावरून सुरू केला होता. बँडचं खास विमान घेऊन स्वतः ब्रूस डिकिन्सन वैमानिक म्हणून आला होता. तो दौरा मुख्यतः ऐंशीच्या दशकातल्या गाण्यांचा असल्यामुळे हे गाणं मात्र तिथे वाजलं नाही.

तुम्हाला प्रयत्न करून बघायचाय?

मग हे करून बघा:

१. आधी ‘द क्लॅन्समन’ ऐका. ब्लेझच्या आवाजाशी ओळख होऊ द्या, म्हणजे “हा ब्रूस नाही” ही तक्रार मागे पडेल.

२. ‘फ्युचरियल’नंतर लगेच हे गाणं लावू नका. वेगळं, स्वतंत्र ऐका.

३. पहिल्यांदा पूर्ण ऐका आणि वैताग आला तर येऊ द्या. लगेच पुन्हा लावू नका, काही दिवस जाऊ द्या.

४. दुसऱ्यांदा फक्त बास ऐका. तिसऱ्यांदा ड्रम आणि कीबोर्ड.

५. चालताना किंवा गाडी चालवताना ऐका. ठेका असलेली लांब गाणी हालचालीबरोबर जास्त जमतात.

पण आवडलंच पाहिजे का?

अजिबात नाही! तीन-चारदा नीट ऐकूनही गाणं लांबलेलंच वाटत असेल, तर ते तुमचं मत आहे आणि त्याला आधार आहे. हे गाणं पाच-सहा मिनिटांत संपलं असतं तर जास्त लोकांना आवडलं असतं, असं त्याचे चाहतेही मान्य करतात. आवडणं म्हणजे दोष दिसेनासे होणं नव्हे. दोष दिसत असूनही गाण्याशी जमणं, हीसुद्धा आवडच आहे.

खरा प्रश्न वेगळा आहे. आज आपण गाण्याला किती वेळ देतो? स्पॉटिफायवर तीस सेकंद ऐकलं की ‘एक वेळा ऐकलं’ असं मोजलं जातं. रील्सवर तर त्याहून कमी वेळात निकाल लागतो. त्यात ‘सगळ्यात वाईट गाणी’ अशा याद्या फिरत असतात आणि गाणं न ऐकताच आपलं मत तयार होतं. १९९८ मध्ये कॅसेट किंवा सीडी विकत घेतलेला माणूस पैसे वसूल करायला तरी पाच वेळा ऐकायचा!

उसन्या मताचा फटका गाण्यापुरता राहत नाही, तो माणसांनाही बसतो. ब्लेझ बेलीचंच बघा. न लिहिलेल्या गाण्यासाठी त्याने टीका झेलली, पण तो आजही स्वतःच्या कार्यक्रमांत त्या काळातली गाणी गातो आणि ती ऐकायला लोक येतात.

तेव्हा नावडतं गाणं नावडतं म्हणायला हरकत नाही, फक्त ते मत आपल्या कानांनी बनवलेलं असावं.

आता तुम्ही सांगा, आधी अजिबात न आवडलेलं आणि नंतर डोक्यात घर करून बसलेलं तुमचं गाणं कोणतं?